उजव्या हाताचा चाकू

दुकानदाराने विचारू नये तो प्रश्न सगळ्यात आधी विचारला. "कुठल्या हाताने वापरणार?"

"डाव्या," डावरोबा म्हणाला.

त्याची बायको शेजारीच उभी होती. नवऱ्याचा डावा हात त्याच्या जाकिटाच्या खिशात होता आणि तो तिनेच सकाळी उचलून तिथे ठेवला होता, रस्त्याने लोंबत नको दिसायला म्हणून. दुकानदार ड्रॉवर उघडायला वळला तेव्हा तिने फक्त एक सुस्कारा सोडला.

डावरोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. रोपवाटिकेत एकतीस वर्षं त्याने कलमं बांधली. तिथल्या बावीस कलमवाल्यांत डावखुरा हा एकटा, त्यामुळे पहिल्याच हंगामात कुणीतरी हे नाव चिकटवलं आणि ते काही निघालं नाही. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं. बायकोसुद्धा रागावली की "काय हो डावरोबा" म्हणायची, आणि रागवायला तिला फार कारण लागायचं नाही.

कलम म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका राकट झाडाचं रोप घ्यायचं, त्याला खुंट म्हणतात. त्याचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर पाडायची, आणि दुसऱ्या चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी कापून त्या चिरेत बसवायची. वरून पट्टी गुंडाळायची. सांगायला सोपं आहे हो. पण काप सपाट लागतो आणि तो एकाच ओढीत व्हावा लागतो. चाकू मधे अडखळला की कापाला पायरी पडते, पायरीत पोकळी राहते आणि तीन आठवड्यांत काडी वाळून जाते. म्हणून कलमाच्या चाकूला धार एकाच अंगाने, उतार देऊन काढलेली असते. दुसरं अंग साफ सपाट. ते सपाट अंग काडीवर टेकवायचं आणि चाकू आपल्याकडे ओढायचा. उजव्यांच्या चाकूत सपाट अंग एकीकडे असतं, डावखुऱ्यांच्या चाकूत दुसरीकडे, आणि बाजारात मिळतात ते सगळे उजव्यांचे. डावरोबा दरवर्षी एक स्वस्तातला घ्यायचा आणि धारवाल्याकडून उलटा घासून घ्यायचा. हंगाम संपेस्तोवर त्याचं पातं काडेपेटीतल्या काडीएवढं उरायचं.

आणि कामावर जाताना रोज ह्या दुकानावरून जायचा. काचेत मांडलेले घडीचे चाकू बघायचा. बायकोला एकदा बोलून गेला होता, कधीतरी ह्यातला एक घेईन. त्याला झाली असतील पंधरा वर्षं. तो विसरला होता, ती विसरली नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी दाढी करताना त्याच्या डाव्या हातातून रेझर सुटलं आणि पाठोपाठ हातही खाली आला. मग दवाखाना, सलाईन, सगळं रीतसर झालं. बोलणं परत आलं. पाय परत आला, थोडा ओढत का होईना. हात आला नाही. डॉक्टर म्हणाले होते, जे यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच येतं. ते सहा महिने कुठल्या तारखेला संपले हे घरात दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी दोघंही हवापाण्यावर बोलत बसले.

रोपवाटिकेचा मालक माणूस वाईट नव्हता. घरी येऊन सांगून गेला, "हंगाम सुरू व्हायला चार महिने आहेत, तोवर तुमची जागा भरत नाही. उजव्याने जमवा. हात कुठला त्याच्याशी मला देणंघेणं नाही, कलम जगलं पाहिजे. हंगामाच्या आधी तीस खुंट घरी पाठवतो. त्यातले वीस जगवून दाखवा आणि या कामाला." तो गेल्यावर बायको म्हणाली, "चला, चाकू घ्यायला." डावरोबा म्हणाला, "तुला वेड लागलंय." ती म्हणाली, "लागलंय, तुम्ही चपला घाला." चाकूसाठी तिने काय विकलं ते तिने सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस त्याला झालं नाही.

तर दुकानदाराने काउंटरवर मऊ कापड अंथरलं आणि त्यावर एक चाकू ठेवला. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, आणि पातं मुठीत असं मिटलेलं की सांधा कुठे ते बोटाला कळू नये. "डाव्या धारेचा हा एकच आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "मागवून सहा वर्षं झाली. बघतात सगळे, घेत कुणी नाही. तुमचीच वाट बघत होता म्हणा."

डावरोबाने तो उजव्या हातात घेतला. पात्याच्या पाठीला नखाएवढी खाच होती. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख खाचेत घालून पातं बाहेर ओढायचं. त्याने मूठ पोटाशी दाबून धरून बघितली. काउंटरच्या कडेला टेकवून बघितली. चाकू सटकून कापडावर पडला. बायकोचा हात पुढे आला तसा तो खेकसला, "थांब ना जरा." मग त्याने मूठ बगलेत धरली आणि मान वाकडी करून नख खाचेकडे नेलं, पण ते पोचलं नाही. दुकानदार सभ्य माणूस, तो मागच्या कपाटातलं काहीतरी नीट लावू लागला.

शेवटी चाकू तिनेच उघडला. खट्ट करून पातं बसलं. डावरोबाने ते उजेडात धरलं. उतार त्याच्या बाजूला होता. धारवाल्याच्या चाकावर रडतखडत आणलेला नव्हे, मुळातच तिकडे. त्याच्या हातासाठी कुणीतरी मुद्दाम घडवलेली अशी वस्तू त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघितली. एकतीस वर्षं हे मिळालं असतं तर, असा विचार मनात आला आणि त्याला स्वतःचाच राग आला.

दुकानदार एव्हाना काय ते समजला होता. त्याने दुसरा चाकू ठेवला, काळा, देखणा, पात्यालाच एक बारीक गुंडी असलेला. "हा अंगठ्याने उघडतो. एकाच हाताने." डावरोबाने अंगठा सरकवला आणि चाकू उघडला. पुन्हा मिटला, पुन्हा उघडला. दोन-चार वेळा उगाच उघडमीट केली, चेहरा जरा उजळला. मग त्याने पातं आडवं धरून बघितलं. धार दोन्ही अंगांनी होती.

"ह्याने पाकिटं फोडायची," तो म्हणाला. "मला कोण पत्रं पाठवतंय?"

तिसरा न मिटणारा, म्यानात घालायचा, एका अंगाने धार दिलेला. "खरं सांगू का?" दुकानदार म्हणाला. "तुमच्यासाठी हा बरा. उघडायला नको, मिटायला नको. किंमतही निम्मी."

हे ऐकायला पाहिजे होतं. शहाणपणाचं बोलणं होतं. पण कलमवाल्यांचं एक असतं, चाकू घडीचाच पाहिजे. एका ओळीत दोनशे रोपं, प्रत्येकापुढे बसायचं, कापायचं, चाकू मिटून खिशात टाकायचा, दोन्ही हातांनी पट्टी बांधायची, उठायचं, पुढच्या रोपापुढे बसून परत उघडायचा. उघडं पातं घेऊन वाफ्यातून फिरणाऱ्याला ते लोक कलमवाला म्हणत नाहीत. डावरोबाने म्यानातल्या चाकूला हातसुद्धा लावला नाही. "हा खाटकाला द्या," म्हणाला. "घडीचाच पाहिजे."

"पण उघडणार कोण?" दुकानदाराने विचारलं.

"मी उघडीन," बायको म्हणाली.

मग राहिले दोन. डाव्या धारेचा तो, आणि त्याचाच जुळा भाऊ, उजव्या धारेचा. डावरोबाने पहिला हातात घेतला तो सोडेचना. "हाच," म्हणाला. बायकोने त्याला कोपराला धरून दाराशी नेलं. रस्त्यावर माणसं येत-जात होती, ती अगदी हळू बोलली.

"चार महिन्यांत डावा येणार आहे का? येणार असेल तर सांगा, मी डावाच घेते."

आठ महिन्यांत घरात हे कुणी बोललं नव्हतं. डॉक्टर बोलले होते, व्यायाम करून घेणाऱ्या बाई आडून आडून बोलल्या होत्या, पण घरात नाही. तिची नजर हटली नाही. तो काउंटरकडे परत गेला आणि म्हणाला, "उजवा द्या." दुकानदाराने डाव्या धारेचा चाकू तेलकट कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकला. तो ड्रॉवर बंद होईपर्यंत डावरोबा बघत राहिला. एखाद्याला पोचवून यावं तसा तो त्या दिवशी घरी आला आणि न जेवता झोपला.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या टेबलावर शाळा सुरू झाली. रस्त्याकडेच्या झाडांची छाटणी चालली होती, तिथून ती पिशवी भरून काड्या आणायची. चाकू उघडायची, त्याच्या उजव्या हातात द्यायची आणि समोर बसून काडी धरायची. म्हणजे डावरोबाचा दुसरा हात तीच. तो उजवा हात म्हणजे नुसता अडाणी. साठ वर्षं त्याने बटणं लावली, दार उघडलं, दुसऱ्याने केलेल्या कामाला आधार दिला, बस्स. त्याला काय ठाऊक ओढ म्हणजे काय. चाकू काडीत रुतायचा, अडायचा, मग एकदम सुटायचा. पहिल्याच आठवड्यात तिच्या अंगठ्याला लागलं.

"हलवू नकोस," तो ओरडायचा.

"मी नाही हलवत. तुमचा चाकू हलतोय."

"काडी अशी धर. मनगट सैल. पेन्सिल तासतात तसं बाहेर ढकलायचं नाही, आत ओढायचं. ढकललं की सपाट अंग वर जातं, उताराचं अंग लाकडावर येतं आणि कापाला पोट सुटतं. किती वेळा सांगायचं?"

"मला काय सांगताय? तुमच्या हाताला सांगा."

तो खरं तर हातालाच सांगत होता. दोन महिने सांगत होता. दहातला एखादा काप बरा यायचा, त्या दिवशी दोघं खूश. मग सलग चार दिवस एकही नाही. रात्री तो उजवा हात उशीवर ठेवून त्याच्याकडे बघत पडायचा, बोलून चालून परका माणूस घरात येऊन राहिल्यासारखा.

एका सकाळी त्याने चाकू टेबलावर आपटला आणि खुर्ची सरकवून उठला. मिटवायला म्हणून तिने चाकू उचलला. समोर काडी होतीच. "असंच ना?" म्हणाली आणि ओढला. एका दमात. कापाची कड बघूनच डावरोबा जागच्या जागी थांबला. त्याने ती काडी घेतली आणि खिडकीच्या काचेवर दाबून धरली. कलमवाले काप असाच तपासतात, काचेला टेकवून. सपाट असेल तर मधून उजेड येत नाही. उजेड आला नाही.

"कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की. दोन महिने माझ्या कानीकपाळी ओरडताय."

आणि शिवाय पंचवीस वर्षं ती लोकांचे कपडे कमीजास्त करून देत होती, तिच्या हातात कात्री मुरलेली होती. दोघंही हसले. तो पोट धरून हसला, खरंच. एकतीस वर्षांत त्याने बरीच पोरं शिकवली, पण इतक्या लवकर हात कुणाचा बसला नव्हता. आणि हसता हसता, ह्या चाकूवर आपला हात कधी बसणार नाही हे त्याला त्या क्षणी कळून चुकलं. त्यानंतर तिने काप द्यायचं कधी आपणहून म्हटलं नाही. त्यानेही म्हटलं नाही.

हंगामाच्या महिनाभर आधी मालकाने तीस खुंट पिशव्यांत लावून पाठवले, सोबत ओल्या फडक्यात बांधलेल्या काड्या. पहिल्या दिवशी डावरोबाने दहा कलमं केली. सकाळी बसला तो संध्याकाळी उठला, मनगट सुजलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जरा पडला आणि डोळा लागला. जागा झाला तेव्हा तिसांच्या तिसांना पट्ट्या बांधलेल्या होत्या आणि ती टेबल पुसत होती.

"काड्या वाळल्या असत्या," ती म्हणाली. "तुमच्या सांगण्याप्रमाणेच केलीत."

त्याने मान हलवली. तिने सगळ्या पिशव्या गॅलरीत नेल्या आणि त्याची कुठली, तिची कुठली ते कळू नये अशा सरमिसळ करून ठेवल्या. बिचारीला वाटलं, त्याला कळणार नाही. तीन आठवडे रोज सकाळी तो गॅलरीत जायचा. कोंब फुटायला लागले. एकवीस जगली. त्यातली दोन त्याची होती.

शुक्रवारी मालक आला. मोजून एकवीस भरल्यावर त्याने डावरोबाच्या पाठीवर थाप मारली. पण शेवटी तोही त्याच धंद्यातला. त्याने एका मेलेल्या कलमाची पट्टी सोडली, मग दुसऱ्याची, तिसऱ्याची. प्रत्येक कापाला पायरी. मग एका जगलेल्या कलमाचा सांधा निरखून बघितला. खुर्ची ओढून बसला.

"डावरोबा, हे दोघांचं काम आहे," तो म्हणाला. मग बायकोकडे वळला. "वहिनी, ही तुमची असतील तर सांगून टाका. काही चोरी नाही केलीत. मला माणूस पाहिजे. सोमवारी हंगाम सुरू होतोय. डावरोबांची जागा तुम्हाला देतो, पगार तोच. नाही तर एक जण दारात उभाच आहे, त्याला हो म्हणून मोकळा होतो."

मालकाने टेबलावरच्या सरावाच्या काड्यांतली एक डावरोबापुढे ठेवली. बायकोने चाकू उघडून त्याच्या हातात दिला, काडी धरली. त्याने ओढला. दोन पायऱ्या पडल्या. मालकाने ती काडी बाजूला ठेवली, काचेला लावलीसुद्धा नाही.

"आता तुम्ही, वहिनी."

तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने टेबलाकडे बघितलं. ह्या घरात पुढे काय शिजणार, औषधं कुठून येणार, व्यायामवाल्या बाई किती दिवस येणार, ते सगळं त्या एका कापावर होतं आणि तिघांनाही ते ठाऊक होतं. तिने काडी उचलली. चाकू हातात उलटा फिरवला आणि बाहेरच्या बाजूला ढकलला, पेन्सिल तासतात तसा.

कापाला पोट सुटलं. मालकाने काडी काचेवर धरली, मधून उजेड आला. "परत एकदा बघा," तो म्हणाला. तिने परत केलं. परत तसंच, तेवढंच पोट, त्याच जागी.

डावरोबाने दोन्ही काप बघितले. एकाही कापाला पायरी नव्हती. शिकाऊ माणूस चुकतो तेव्हा दर वेळी वेगळं चुकतो. एका दमात, न अडखळता, दोनदा तंतोतंत सारखं चुकायला हात लागतो, आणि असा हात त्याच्या सबंध रोपवाटिकेत चार-पाच जणांना होता. त्याच्या तोंडात वाक्य आलंच होतं. मालक, तिला म्हणावं आत ओढ. एवढंच. एवढंच बोलायचं होतं.

तो बोलला नाही. मूग गिळून बसला. आणि नुसता बसला असता तर एक वेळ चाललं असतं, पण त्याला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, की ती जागा गेली तर दोघांचीही गेली, तिला ती मिळाली नाही. आपल्याला हे बरं वाटतंय हे त्याला स्पष्ट कळलं, आणि त्याची इतकी लाज वाटली की कानापर्यंत तापला. तरीही तो बोलला नाही.

"मग ही एकवीस कुणी जगवली?" मालकाने विचारलं.

"त्यांनीच," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी बरा चालतो त्यांचा हात."

मालकाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. जगलेल्या पिशव्या गाडीत भरल्या, डावरोबाचा उजवा हात हातात घेऊन जरा वेळ धरला आणि निघून गेला.

ती चाकू मिटत होती. पाठमोरीच म्हणाली, "हात सरकला माझा."

आता तरी बोलायला काही हरकत नव्हती. दार उघडं होतं, मालकाची गाडी अजून सुरू व्हायची होती.

"होतं," डावरोबा म्हणाला. "नवीन माणसाचं होतं असं."

तिने मान डोलावली आणि मशीनवर जाऊन कुणाच्या तरी पॅन्टची शिवण उसवायला घेतली. दोघांनाही सगळं ठाऊक होतं. सोमवार यायला तीन दिवस होते आणि मालकाचा नंबर डावरोबाला पाठ होता. शनिवारी त्याने फोन उचलून परत ठेवला. रविवारी उचललाही नाही.